अर्धी गोधडी आणि मी चुकीचा वापरलेला पेपर

मागच्या लेखानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. 'पेपर क्रिटिकली वाचा असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय?' उत्तरासाठी मी माझ्या विषयातला, म्हणजे रसायनशास्त्रातला, एखादा पेपर घेणार होते. पण गेल्या वर्षी एक पेपर मी घरातच चुकीचा वापरला आणि त्याचा त्रास माझ्या मावशीला झाला. तेच उदाहरण घेते. मी मानसशास्त्राची नाही, हे आधीच सांगते. खरं तर चूक तिथूनच सुरू झाली.

माझी आजी, म्हणजे आईची आई, साताऱ्याकडे मामांच्या घरी राहायची. मावशीच्या मुलीला, आमच्या ताईला, दिवस गेल्याचं कळलं तशी आजीने बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. वरखाली तिचंच जुनं लुगडं, आत धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचे थर. कडेपासून सुरुवात करून ती आत आत धावदोरा घालत जायची. ताईला सातवा महिना होता तेव्हा आजी गेली. गोधडीच्या चारी कडा शिवून झाल्या होत्या, मधला हात-दीड हात भाग मोकळा होता आणि सुई तिथेच खोचलेली होती.

तेराव्यानंतर ट्रंक आवरताना ती निघाली आणि घरात दोन तट पडले. आई म्हणाली, 'आईने कधी काम अर्धं टाकलं नाही, आपण पुरं करू.' मावशी म्हणाली, 'तिचा हात जिथे थांबला तिथेच राहू दे.' मामी हळूच म्हणाली की गेलेल्या माणसाच्या हातची वस्तू बाळाखाली नको. मी आईच्या बाजूची. मी घरच्या ग्रुपवर ऐटीत लिहिलं: 'मानसशास्त्रात झायगार्निक इफेक्ट म्हणतात. अर्धवट राहिलेलं काम मनात सलत राहतं, पूर्ण केलं की मन मोकळं होतं. हे संशोधनातून सिद्ध झालंय.'

मावशीने वाद घातला नाही. गोधडी आईकडे पाठवून दिली. आईने आजीची सुई काढून चार ओळी घातल्या. पंधरा दिवसांनी मावशीचा फोन आला. 'तू म्हणालीस सिद्ध झालंय, म्हणून दिली गं. मला नव्हती द्यायची.'

त्या रात्री मी पहिल्यांदा तो पेपर शोधून वाचला. हो, पहिल्यांदा! तोवर माझं सगळं ज्ञान एका स्वयंमदतीच्या पुस्तकातल्या परिच्छेदावर चाललं होतं.

प्रयोगात नेमकं काय झालं होतं?

ब्लूमा झायगार्निक बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. त्यांचा पेपर 1927 सालचा, मूळ जर्मन. इंग्रजीत त्याचा संक्षेप मिळतो. सहभागी माणसांना साधारण वीस छोटी कामं दिली होती: मातीची आकृती करणं, मणी ओवणं, कोडी सोडवणं, पुठ्ठ्याचा डबा करणं अशी. निम्मी कामं पुरी करू दिली, निम्मी ऐन रंगात आल्यावर थांबवली. शेवटी विचारलं, कोणकोणती कामं केलीत ते आठवून सांगा. अर्धवट कामं पूर्ण कामांच्या जवळपास दुप्पट आठवली.

आता कुठलाही पेपर वापरण्याआधी जे तीन प्रश्न विचारायचे, ते इथे विचारू.

पहिला प्रश्न: मोजलं काय?

झायगार्निक यांनी स्मरण मोजलं. सल मोजला नाही, दुःख नाही, 'मन मोकळं होणं' तर नाहीच. मला ते अर्धं काम आठवतं आणि मला त्याचा त्रास होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावशीला गोधडी आठवत राहणार होती, आणि तिला ते हवंच होतं. मी स्मरणाचा निष्कर्ष उचलला आणि त्यावर दुःखाचं लेबल चिकटवलं.

दुसरा प्रश्न: निष्कर्ष पुढे टिकला का?

स्मरणाचाही निष्कर्ष नीट टिकलेला नाही. मूळ पेपरमध्येच थकलेल्या सहभागींत हा फरक दिसला नव्हता. (नुकतंच माणूस गेलेल्या घरात न थकलेला कोण असतो?) पुढे अनेकांनी प्रयोग करून पाहिले. काहींना परिणाम मिळाला, काहींना नाही. 2025 साली गिबेलिनी आणि मायर यांचं मेटा-अनालिसिस आलं. त्यात अर्धवट कामं जास्त आठवतात असा सर्वसाधारण परिणाम दिसला नाही. टिकला तो लेविन यांच्याच गटातल्या मारिया ओव्हसियांकिना यांचा 1928 सालचा निष्कर्ष: मध्येच थांबवलेलं काम माणसं संधी मिळाली की आपणहून पुन्हा हातात घेतात. आईचा हात सुईकडे का गेला, याला हा पेपर निदान जवळचा आहे. पण ओढ वाटते म्हणून ते करावंच, असं तो सांगत नाही.

मी ज्याला 'सिद्ध झालंय' म्हणाले, त्याची अवस्था ही अशी. पण याहून मोठी चूक पुढच्या प्रश्नात आहे.

तिसरा प्रश्न: प्रयोगातला माणूस आपल्या गोष्टीत कोण?

प्रयोगात जो मणी ओवत होता त्यालाच थांबवलं, आणि त्यालाच नंतर विचारलं. काम करणारा आणि आठवणारा एकच. आमच्या घरात थांबली ती आजी. आई, मावशी, मी, आमच्यापैकी कुणीही ती गोधडी शिवत नव्हतं. म्हणजे परिणाम शंभर टक्के खरा असता, तरी तो आम्हाला लागू नव्हता. टोल्युइनमध्ये चाललेली अभिक्रिया पाण्यात चालेलच असं आपण धरत नाही. मग कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकलेली ही गोष्ट घरी आल्यावर मी कशी विसरले?

तुम्ही म्हणाल, मग उलटी परिस्थिती घेऊ. विणणारा जिवंत आणि ज्याच्यासाठी विणलं तो गेला. आमच्या लॅबमधल्या एका मुलीचं असंच झालं. वडिलांसाठी स्वेटर विणत होती. पाठ आणि एक बाही झाली आणि वडील गेले. इथे माणूस जुळतो: काम करणारी तीच, थांबलेली तीच. पण काम जुळत नाही. प्रयोगात डबा पुरा केला की काम संपतं. स्वेटर पुरा केला तरी तिचं काम संपत नाही, कारण तिचं काम स्वेटर विणणं एवढंच नव्हतं. तो वडिलांना घालायला द्यायचा होता.

इथे मला तो प्रयोग कुठे अपुरा पडतो ते कळलं. हाताने केलेल्या भेटीत दोन कामं असतात, करणं आणि देणं. प्रयोगात फक्त पहिलं आहे. माणूस गेल्यावर ही दोन कामं एकमेकांपासून सुटतात. करणारा गेला तर करणं थांबतं, पण देणं अजून शक्य असतं, अर्धी वस्तूसुद्धा देता येते. घेणारा गेला तर करणं चालू ठेवता येतं, पण देणं कायमचं राहून जातं. काय करायचं हे ठरवताना आपण बहुतेक वेळा पहिल्याच कामाबद्दल भांडतो, पुरं करायचं की नाही. देण्याचं काय, हे कुणी विचारतच नाही.

मावशीच्या बाजूचा पेपर नव्हता का?

होता की! 1996 साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेलं 'कंटिन्युइंग बॉण्ड्स' हे पुस्तक आलं. गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं म्हणजेच दुःखातून बाहेर पडणं, या जुन्या समजुतीला त्याने आव्हान दिलं. नातं बदलतं, पण चालू राहू शकतं, असं त्याचं म्हणणं. मावशीने हे वाचलं असतं तर तिनेही ग्रुपवर 'सिद्ध झालंय' असं लिहिलं असतं, आणि तेही माझ्याइतकंच चुकीचं ठरलं असतं. नातं चालू राहतं यावरून गोधडी ट्रंकेत ठेवावी की बाळाखाली घालावी, हे ठरत नाही.

अजून एक उदाहरण. अमेरिकेत 2022 साली 'लूज एंड्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. मृत्यूमुळे किंवा आजारामुळे अर्धवट राहिलेलं विणकाम, भरतकाम, गोधड्या तिथले स्वयंसेवक पुऱ्या करून घरच्यांना परत देतात. उपक्रम मला फार आवडला. पण 'पुरी झालेली वस्तू हातात आल्यावर लोक किती हेलावतात बघा, म्हणजे पुरं करणंच बरं' असा निष्कर्ष कुणी काढला, तर त्याला थांबवा. तिथे वस्तू पाठवतात ते ज्यांना ती पुरी व्हायला हवीच आहे असे लोक. माझ्या मावशीसारखे लोक पाठवतच नाहीत. सॅम्पल आधीच निवडलं गेलंय. मुलाखतीत सिलेक्शन बायस म्हणजे काय असं विचारलं, तर हे उदाहरण सांगा.

एक पेपर मात्र मला थोडा कामाचा वाटला. 2011 साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं, की अपुरं उद्दिष्ट दुसरं काम करताना मध्ये मध्ये डोकावतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की हे डोकावणं थांबतं. काम प्रत्यक्ष पुरं व्हावं लागत नाही. पण इथेही तेच तीन प्रश्न विचारा. ती उद्दिष्टं रोजच्या कामांसारखी होती, शोकाची नव्हती. म्हणून यातून मी एवढंच घेते: 'पुरं केल्याशिवाय सुटका नाही' हे खरं असेलच असं नाही. ठरवणं हेसुद्धा एक काम आहे. याहून जास्त घेतलं तर मी पुन्हा तीच चूक करेन.

मग गोधडीचं काय झालं?

मी मावशीची माफी मागितली. 'सिद्ध झालेलं नाही, आणि मी न वाचताच बोलले' असं ग्रुपवरही लिहिलं. मग लक्षात आलं, की गोधडी जिच्या बाळासाठी होती त्या ताईला आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. तिला आठवा सरत आलेला, उगाच मनाला लावून घेईल म्हणून तिला या सगळ्यापासून लांब ठेवलं होतं.

मीच फोन केला. ती म्हणाली, 'मला दिलेली वस्तू आहे ना? मग आहे तशी द्या. फक्त सुई काढून घ्या, लहान मूल असणार आहे.'

मावशीने स्वतः नेऊन दिली. आईने घातलेल्या चार ओळी उसवायच्या का, असं आईनेच विचारलं. ताई नको म्हणाली. मधला भाग मोकळा ठेवला तर धुताना आतले थर गोळा होतात, म्हणून ताईने तिथे लाल दोऱ्याने वीतभर अंतरावर एकेक गाठ मारली. आजीचा दोरा पांढरा. आजीचं कुठे संपतं ते आंधळ्यालाही हाताने कळेल, कारण तिचे टाके तांदळाएवढे आहेत आणि आईचे गव्हाएवढे. सुई मावशीकडे आहे. मामीने बारशाला येऊन त्याच गोधडीवर बाळाला झोपवलं आणि आपल्या आधीच्या बोलण्याचा विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही.

हे सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही. लॅबमधल्या मुलीने स्वेटर उसवून लोकर ठेवून दिली आहे, आणि तिला मी कुठलाही पेपर पाठवलेला नाही.

आता तुमचा गृहपाठ. 'संशोधनातून सिद्ध झालंय' असं तुम्ही गेल्या महिन्यात कुणाला तरी सांगितलं असेल. तो मूळ पेपर काढा आणि तीन प्रश्न एका कागदावर लिहा: मोजलं काय, पुढे टिकलं का, आणि यातला माणूस माझ्या गोष्टीत कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जमलं नाही, तर ज्याला सांगितलं होतं त्याला फोन करा. थोडं लाजल्यासारखं होतं, पण मावशी त्यानंतर माझ्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली.