छज्ज्याची सावली

“हितं पाऊस कुणीकडनं येतो गं?”

ओव्हल मैदानाच्या कुंपणाला पाठ टेकून आईनं नातीला विचारलेला हा पहिला प्रश्न. नात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. ही सगळी सहल तिनंच आखलेली. समोरच्या आर्ट डेको घरांची गोष्ट १९२५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनापासून सांगायला सुरुवात करावी, असं तिच्या मनात होतं. आजी थेट जून महिन्यात जाऊन पोचली.

“समुद्राकडनं. म्हणजे या घरांच्या पाठीमागून,” मी म्हणालो.

“मग तोंडाला एवढं छज्जं कशाला?”

हा प्रश्न कुठल्याही पुस्तकातला नाही, कोल्हापूरच्या शाहूपुरीतला आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही पेठ व्यापारासाठी वसवली आणि ती गुळाच्या नावानं वाढली. वडील गुळाच्या अडतीवर दिवाणजी. लग्नानंतरची काही वर्षं आई वखारीच्या माडीवर राहिली. गुळाच्या रव्याला ओल लागली की तो पाझरतो, रंग काळवंडतो आणि भाव पडतो. त्यामुळे कुठलंही घर बघताना तिची नजर आधी वळचणीला जाते, मग दाराला.

प्रश्न रास्त होता. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी पकडून आम्ही सकाळी मुंबईत उतरलो होतो. रविवार होता, मैदानात क्रिकेटच्या दहा-बारा मॅचेस एकमेकींत घुसून चाललेल्या. ओव्हलच्या पश्चिमेची ही रांग बॅकबेच्या भराव योजनेच्या काळात, १९३० च्या दशकात उभी राहिली. तिचं तोंड पूर्वेला, पाठ समुद्राला. उन्हाळ्या-पावसाळ्याचा हिशेब मांडायचा तर पाऊस मागून आणि ऊन पुढून. नऊच्या सुमारास खिडक्यांवरच्या छज्ज्यांची सावली टीचभर होती. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवेपर्यंत, म्हणजे अकराच्या आसपास, ती हातभर खाली उतरली आणि काचा झाकल्या. आईनं उत्तर ऐकलं नाही, पाहिलं. मग म्हणाली, “आन् पावसात खिडकी उघडी ऱ्हाती.” वाऱ्यानं पाऊस कुठूनही वळतो, हे तिला सांगावं लागत नाही.

आर्ट डेको शैलीची वाखाणणी बहुतेकदा नटव्या गोष्टींवरून होते: बोटीच्या डेकसारखे कठडे, वळवलेले कोपरे, पायऱ्यापायऱ्यांचे माथे. ते सगळं तिथं आहे, आणि मोहक आहे. पण मला वाटतं, या रांगेचं खरं वाक्य छज्ज्यात आहे. इमारतीच्या अंगावरून आडवी धावणारी ती पट्टी कोपऱ्यावर न मोडता वळते, पुढच्या बाजूला जाते, आणि चार-पाच मजल्यांवर तीच ओळ पुन्हा येते. ओवीची लय जशी प्रत्येक चरणाला सांभाळते, तशी. दगडी कमानीला हे जमलं नसतं. भिंतीबाहेर आधाराशिवाय हात पुढे काढणं हे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचं काम. म्हणजे जी रेघ आपल्याला दागिना वाटते, ती आधी छत्री आहे.

लेकीला हे पूर्ण पटलं नाही. “आमच्या वर्गात म्हणतात, डेको म्हणजे खरा मॉडर्निझम नव्हे, त्याचा नटवा चुलतभाऊ.” असेल. ‘आर्ट डेको’ हे नावही १९६० च्या दशकात रुळलं. या घरांत पहिल्यांदा राहायला आलेल्या माणसांना आपण कशात राहतोय हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी ते फक्त नवं होतं.

नवं काय, हे कळायला मान वळवावी लागते. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ ची. तिथं आपण पक्षकार म्हणून जाणार, नाहीतर विद्यार्थी म्हणून. दोन्ही वेळा मान वर करून. पश्चिमेला मात्र बिऱ्हाडं. त्यांच्या बाल्कन्यांत वाळणारे टॉवेल आणि तुळशीची कुंडी. युनेस्कोनं ३० जून २०१८ रोजी या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलं, म्हणजे न्यायालयाइतकाच मान टॉवेल वाळणाऱ्या बाल्कनीला मिळाला. मला त्या यादीतली ही गोष्ट सगळ्यात आवडते. (एसीच्या पेट्या आणि ग्रिल यांनी काही बाल्कन्यांचा जीव घेतलाय, तेही खरंच.)

घरांची नावं आम्ही मोठ्यानं वाचत गेलो. रज्जब महाल, शिव शांती भुवन, एम्प्रेस कोर्ट, स्वस्तिक कोर्ट, कोर्ट व्ह्यू. भाड्यानं राहायच्या फ्लॅटला ‘महाल’ म्हणायची हौस आणि समोर हायकोर्ट दिसतं याचीच मिरवणूक, दोन्ही एकाच रस्त्यावर. यातला एम्प्रेस कोर्ट गजानन बाबुराव म्हात्रे यांचा. मरीन ड्राइव्हच्या तोंडावरचा १९३७ चा सूना महालही त्यांचाच. पुढे दुपारी तो पाहिला. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची अडचणीची जागा त्यांनी अशी गोल फिरवलीय की तीच इमारतीचं नाक झाली. चर्चगेटसमोरच्या इरॉस थिएटरनं, १९३८ सालच्या, असाच कोपरा धरलाय, पण लाल दगड आणि पांढऱ्या रंगाच्या थाटात. तो जरा जास्तच जाणतो की आपण देखणे आहोत.

सकाळी फोर्टात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ ची इमारत पाहिली, तीही इथंच सांगायला हवी. मास्टर, साठे आणि भुता यांची रचना. अंगावरचं शिल्पकाम ना. ग. पानसरे यांचं. विम्याच्या कचेरीवर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया. मिसरच्या देवळातल्या राजांना द्यावी ती ताठ, भव्य अंगलट त्यांना दिलेली. आई बराच वेळ बघत राहिली. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ती गणपती ठरवायला दरवर्षी जाते. “आमच्याकडचं कुंभार एवढं सरळ बसत न्हाईत,” म्हणाली, “पाठ मोडती त्यांची.” कौतुक आणि तक्रार एकाच वाक्यात. पानसऱ्यांनी त्या वाकलेल्या पाठीला ताठपणा दिला, तो सन्मान की विमा कंपनीची जाहिरात? मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही, बहुधा दोन्ही.

संध्याकाळी परतीच्या गाडीआधी रीगल. १९३३ चं थिएटर, चार्ल्स स्टीव्हन्सचं. आणि ज्या स्टेशनावर आम्ही सकाळी उतरलो, ते १८८८ मध्ये पुरं झालेलं, त्याच्या वडिलांचं, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं. तिथल्या फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, भिंतीवरची माकडं-मोर आईनं सकाळी नातीला एकेक करून दाखवले होते. मी हे बापलेकाचं नातं सांगितलं. आईनं रीगलकडे खालून वरपर्यंत पाहिलं. सरळ भिंती, आडव्या-उभ्या रेघा.

“बापानं पाळलेली जनावरं,” ती म्हणाली, “पोरानं समदी इकून टाकली की!”