वेष्टनावरचे सात हजार मेगाबाइट

एसएसडीच्या वेष्टनावर हल्ली ठळक अक्षरांत एक आकडा छापलेला दिसतो : 'सेकंदाला ७००० मेगाबाइटपर्यंत'. आकडा खोटा नसतो. मात्र तो कोणत्या परिस्थितीत मिळतो, हे शेजारी लिहिलेले नसते. एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असे निरीक्षण नोंदवले तर आपण त्याचे गुण कापू.

हा आकडा एसएसडीचा आहे, संगणकाचा नव्हे. एसएसडीतील माहिती प्रोसेसरपर्यंत जाते ती मदरबोर्डवरील मार्गाने, आणि तयार जोडून मिळणाऱ्या संगणकात हा मार्ग ग्राहक निवडत नाही. उदाहरणादाखल इंटेलचा एच ६१ हा २०११ सालचा स्वस्त चिपसेट घेऊ. तो अनेक तयार संगणकांत बसवला गेला. त्यातील साटा जोडणीचा वेग सेकंदाला ३ गिगाबिट. आठाने भागून कोणी ३७५ मेगाबाइट असे उत्तर काढील; पण या जोडणीत माहितीच्या दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात, म्हणून हाती ३०० मेगाबाइटच येतात. साटा पद्धतीची चांगली एसएसडी ५५० मेगाबाइटपर्यंत वाचू शकते. या बोर्डावर तिचा वेग जवळजवळ निम्मा होतो.

नव्या बोर्डांवरही हीच गोष्ट, फक्त मोठ्या आकड्यांत. एएमडीचा ए ५२० हा २०२० सालचा चिपसेट पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीपाशी थांबतो. चार लेन मिळून तेथे सुमारे ३९०० मेगाबाइट जाऊ शकतात. सात हजारांची एसएसडी तेथे चालेल, पण निम्म्या वेगाने.

विक्रेत्यांची माहितीपत्रके याबाबत फारच कंजूष असतात. 'एम.२ स्लॉट : १' एवढेच लिहून ती मोकळी होतात. एम.२ हे आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. या आकाराच्या स्लॉटला कुठे फक्त साटा जोडलेली असते, कुठे पीसीआय एक्सप्रेसच्या दोन लेन, तर कुठे चार. केवळ साटा असलेल्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई एसएसडी बसवली तर ती हळू चालत नाही. ती संगणकाला दिसतच नाही.

यावरून जुन्या संगणकात एसएसडी घालणे व्यर्थ, असा सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. तो मला वेष्टनावरच्या आकड्याइतकाच एकांगी वाटतो. संगणक सुरू होताना एक मोठी फाइल सलग वाचली जात नाही. हजारो लहान तुकडे ठिकठिकाणाहून गोळा केले जातात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग खाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, शिवाय वाचक-शीर्ष हलण्याचा वेळ. मिळून १२ मिलिसेकंद धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ८० तुकडे. प्रत्येक ४ किलोबाइटचा असेल तर जेमतेम ०.३ मेगाबाइट! एसएसडीला एका तुकड्यासाठी ०.१ मिलिसेकंद धरला तर सेकंदाला १०,००० तुकडे, म्हणजे ४० मेगाबाइट होतात. एच ६१ ची ३०० ची मर्यादा यापासून कितीतरी दूर आहे. मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घेण्यासारखे आहे.

मर्यादा खरोखर आड येते ती मोठ्या फाइलींच्या बाबतीत. ३० गिगाबाइटचे चित्रण ३०० च्या वेगाने वाचायला १०० सेकंद लागतात, ७००० ने साडेचारही नाहीत. पण ते चित्रण १५० मेगाबाइट वेगाच्या हार्ड डिस्कवरून उतरवून घ्यायचे असेल, तर दोन्ही एसएसडींना २०० सेकंदच लागतील.

तेव्हा शाळेच्या जुन्या संगणकांसाठी साधी साटा एसएसडी पुरते. नवे संगणक घेताना मात्र दरपत्रकातच लिहून मागावे : एम.२ स्लॉट साटाचा की पीसीआय एक्सप्रेसचा, लेन किती, पिढी कोणती. विक्रेत्याला हे सांगता येत नसेल, तर महागड्या एसएसडीचे जादा पैसे त्याला देऊ नयेत.