प्रतिमा जिथे पुरावा होते

मार्च २०११मध्ये ७२ जणांना घेऊन एक रबरी बोट त्रिपोलीहून इटलीकडे निघाली. वाटेत इंधन संपलं. सॅटेलाइट फोनवरून मदतीची हाक गेली. एक हेलिकॉप्टर पाणी आणि बिस्किटं टाकून निघून गेलं, एक लष्करी जहाज जवळ येऊन परत फिरलं. लिबियावरच्या नाटोच्या कारवाईमुळे त्या समुद्रावर तेव्हा डोळ्यांत तेल घालून पहारा होता. तरी बोट चौदा दिवस भरकटत राहिली आणि पुन्हा लिबियाच्याच किनाऱ्याला लागली. ६३ जणांचा जीव गेला.

चार्ल्स हेलर आणि लोरेन्झो पेझानी तेव्हा लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये डॉक्टरेट करत होते. युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानावर चाललेल्या ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ प्रकल्पात त्यांनी वाचलेल्यांच्या साक्षी, वारे-प्रवाहांची गणितं आणि उपग्रहांच्या रडार प्रतिमा जुळवून बोटीचा मार्ग शोधला. वाचलेल्यांच्या वतीने युरोपातल्या अनेक देशांत दाखल झालेल्या तक्रारींना त्यांच्या २०१२च्या अहवालाचा आधार मिळाला. २०१४मध्ये ‘लिक्विड ट्रेसेस’ हा लघुपट आला. स्थलांतरावरच्या माध्यम-संशोधनाचा माझा मापदंड हाच आहे: प्रतिमा काढून घेतली की युक्तिवादच कोसळतो.

या क्षेत्रातलं बरंचसं काम तिथवर पोहोचत नाही. निर्वासिताचा चेहरा, संथ कॅमेरा, लाटांचा आवाज आणि सोबत सिद्धान्तांनी जड झालेला प्रबंध. विद्यावेतन तीन-चार वर्षांचं, आणि परक्या माणसाचा विश्वास कमवायलाच त्यातला मोठा काळ जातो. मग मुलाखतीवर भागवलं जातं, आणि दुःख सांगण्याचं काम पुन्हा त्याच माणसाच्या गळ्यात पडतं.

मुंबईच्या कॅम्प स्टुडिओतल्या शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांचा ‘फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ’ (२०१३) मला म्हणूनच मोलाचा वाटतो. कच्छचे आणि आखाती किनाऱ्यांवरचे खलाशी मोबाइलवर जे टिपतात, त्यावर जी गाणी चढवतात, त्यातूनच हा चित्रपट उभा राहिला. गलबतावरचा माल, कंटाळा, मस्करी, वादळ, सगळं त्यांच्याच नजरेचं. असं काम आपल्याकडे पीएचडीच्या चौकटीबाहेर होतं, ही खरी खंत.

यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे. पण बहुतेक विद्यापीठांत प्रबंध म्हणजे छापील पानंच. चित्रपट फार तर जोडपत्र. मुकादमाकडून उचल घेऊन मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या फोनमध्ये आज फडातलं आयुष्य साठतंय. त्यावर संशोधन करायचं, तर त्या कुटुंबांची बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात धरायला हवी, दृश्यांवरचा हक्क त्यांच्याकडे राहायला हवा आणि परीक्षकांमध्ये निदान एकाला तरी संकलन वाचता यायला हवं.