अनाडी कोण? आरोग्याच्या पथनाट्यांची उलटतपासणी

वीसेक वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आमचे पथनाट्य संपले. टाळ्या वाजल्या, घोषणा झाल्या. ढोलकी पिशवीत भरत असताना मागे बसलेली एक बाई उठली. नाटकाचा विषय सर्पदंश होता. साप चावलेल्या पोराला बाप भगताकडे नेतो, भगत मंत्र घालतो, पोर दगावते आणि शेवटी शहाणा मास्तर सांगतो, 'भगताकडे नको, दवाखान्यात चला.' बाईने तिच्या बोलीत विचारले, रात्री गाडी कोण देणार? आमच्यातला एकजण म्हणाला, 'ताई, जीव मोठा की गाडी?' कोणी हसले नाही. ती खाली बसली. आम्ही मात्र गाडीनेच नाशिकला परतलो.

त्यानंतर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत, स्पर्धांत आणि मोहिमांत मी अशी पथनाट्ये लिहिली, बसवली आणि परीक्षक म्हणूनही पाहिली. त्या अनुभवावरून एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. आरोग्यजागृतीचे आपले पथनाट्य एका साच्यात अडकले आहे आणि त्या साच्यात प्रेक्षकाचा अपमान दडलेला आहे.

साचा ओळखीचा आहे. 'ऐका हो ऐका' अशी आरोळी, दारुडा नवरा, खाष्ट सासू, लबाड भगत, रडणारी सून. मग शहरातून आलेला डॉक्टर किंवा शिक्षिका, दहा मिनिटांत हृदयपरिवर्तन आणि घोषणा. या रचनेत चूक नेहमी गावकऱ्याची असते आणि ज्ञान नेहमी बाहेरून येते. आजाराचे कारण अज्ञान, म्हणून उपाय उपदेश. रस्ता, वाहन, मजुरी, औषधांचा साठा ही पात्रे रिंगणात कधी येतच नाहीत.

वाईट याचे वाटते की आपली परंपरा अशी नव्हती. जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' हे 1855 सालचे नाटक आठवून पाहावे. तिथेही गर्भवती स्त्री आहे, तिला आणि तिच्या कुणबी नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे. म्हणजे विषय आजच्या आरोग्य-पथनाट्याला अगदी जवळचा. पण फुल्यांचा रोख कुणब्याच्या भोळेपणावर नाही, त्याला भोळा ठेवणाऱ्या व्यवस्थेवर आहे. शिवाय मधे विदूषक आहे. तो प्रसंगाच्या आत-बाहेर करत प्रेक्षकाला विचार करायला लावतो. शेवटी नवरा-बायको शिकायला निघतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही यात नवल नाही.

सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच सांगाडा घेतला आणि त्यात वादविवाद भरला. पुढे आंबेडकरी जलशांनी तो वारसा चालवला आणि त्यात नाशिक जिल्हा आघाडीवर होता. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमाराच्या चळवळीतून भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी पुढे गाण्यांतून तीच वाट रुंद केली. जलशांतही दारू सोडा, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, स्वच्छ राहा, मुलांना शाळेत घाला असे उपदेश होतेच. पण सांगणारा त्याच वस्तीतला होता. 'तुम्ही सुधारा' आणि 'आपण सुधारू' यांतले अंतर व्याकरणाइतकेच राजकारणाचेही आहे. आणि उपदेशाच्या शेजारीच हक्काची मागणी उभी असे. पाणी उकळा म्हणणारा शाहीर पाणवठा कोणाचा, हेही विचारत असे.

ही जोडी कधी तुटली? 1954 साली केंद्र सरकारने गीत व नाटक विभाग सुरू केला, लोककलावंतांना काम मिळाले आणि कुटुंब नियोजनासारखे विषय दूरवर पोचले. हे उपकारक होते. परंतु हळूहळू विषय, संवाद आणि तारीख तिन्ही वरून येऊ लागले. तारखेचेच पाहा. जागतिक एड्स दिन 1 डिसेंबरला असतो. पेठ-सुरगाण्याचे मजूर दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. ज्यांच्यासाठी प्रयोग, ते बागेत. पाड्यावर म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. गरोदर बाईही नवऱ्याबरोबर गेलेली असते, तिची तपासणी मागे गावात राहते. तरी आम्ही प्रयोग करतो, फोटो काढतो, अहवाल देतो.

भाषेचेही तेच. नाशिक शहरातली प्रमाण मराठी कोकणा बोलणाऱ्या माणसाला समजते, पण ती सरकारी वाटते. याच भागात बोहाडा होतो. रात्रभर वाद्यांच्या तालावर मुखवटे घातलेली सोंगे एकामागून एक येतात आणि सारे गाव जागे असते. ज्या लोकांना रंगभूमी इतकी कळते, त्यांच्यासमोर आपण कागदी साप घेऊन उभे राहतो आणि त्यांना 'अनाडी' समजतो.

यावर कार्यकर्ते मित्र म्हणतात, 'दहा मिनिटांच्या नाटकाने रस्ता कसा होणार? निदान माहिती तरी पोचू दे.' आक्षेप रास्त आहे. माहितीने जीव वाचतात. चावलेल्या जागी करकचून बांधू नये, चिरू नये, रक्त चोखू नये. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिच्या दंशाची खूणही नीट दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. हे सांगायलाच हवे. पण आमच्या नाटकात हे नव्हतेच! भगताची टिंगल करण्यात सारी वेळ गेली होती. भगत जडीबुटीही जाणतो, आणि रात्री दोन वाजता हाकेला येणारा तोच एक असतो. त्याला खलनायक केले की पाडा गप्प होतो. त्यालाच 'आधी गाडी बोलवा' म्हणायला लावले तर?

वेगळे करता येते याचे दाखले आहेत. स्त्री मुक्ती संघटनेचे ज्योती म्हापसेकरलिखित 'मुलगी झाली हो' 1983 पासून महाराष्ट्रभर गाजले, कारण बायका त्यात स्वतःचीच गोष्ट सांगत होत्या. तरीही राज्यात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे प्रमाण 1991 मधील 946 वरून 2011 मध्ये 894 पर्यंत घसरले. नाटक एकट्याने लढू शकत नाही, एवढा विनय हा आकडा शिकवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसह रिंगणनाट्ये उभी केली. तिथे सादर करणारा नट नसतो, त्या कामात रुतलेला माणूस असतो. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलने तर प्रेक्षकालाच खेळ थांबवून पात्राची जागा घ्यायला सांगितले. पश्चिम बंगालमधली 1985 साली स्थापन झालेली 'जन संस्कृती' ही संस्था खेड्यांत हीच पद्धत वापरते आहे.

म्हणून समीक्षकांना माझी विनंती आहे. पथनाट्य स्पर्धांत आवाजाची फेक आणि मानवी मनोरे यांना गुण द्या, पण तीन प्रश्नही विचारा. या नाटकात चुकतो कोण? प्रेक्षक बोलला तर त्याला जागा आहे का? आणि सांगितलेला उपाय त्या गावात, त्या रात्री शक्य आहे का?

पुढे काही वर्षांनी आम्ही सर्पदंशाचे नाटक नव्याने बांधले. त्यात साप चावताच खेळ थांबतो आणि बाप प्रेक्षकांतच दारोदार फिरून गाडी मागतो. एका पाड्यावर जीप कोणाकडे आहे, डिझेलचे पैसे कोण देणार, 108 क्रमांक लावायला कोणत्या टेकडीवर रेंज मिळते, यावर अशी वादावादी झाली की शेवट करायचा राहूनच गेला. घोषणा झाली नाही, फोटोही निघाला नाही. पण दोन जीपवाल्यांचे नंबर शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिले गेले. पहिल्या पाड्यावरच्या त्या बाईला द्यायचे उत्तर यापेक्षा फार निराळे नव्हते.