अश्लीलतेच्या खटल्यातील मुद्देमाल

साहित्यातील अश्लीलतेचा वाद मराठीत जुना आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू आता आपणां सर्वांस पाठ झाल्या आहेत. एक पक्ष म्हणतो, समाजाची नीती ढासळते. दुसरा म्हणतो, लेखणीस बेडी पडते. १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढणाऱ्या र. धों. कर्व्यांवर खटले झाले तेव्हा हेच दोन पक्ष होते. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही कर्व्यांस दंड भरावा लागला. ‘काही कविता’वरून मर्ढेकरांस कोर्टाची पायरी चढावी लागली तेव्हाही तेच. या साऱ्या वादांत जिच्या देहाभोवती भांडण चालते ती स्त्री कोणत्या पक्षात असते, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे: कोणत्याच नाही. १८६८ साली इंग्लंडात हिक्लिन खटल्यात जी कसोटी ठरली ती अशी की, पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यांचे मन बिघडविण्याकडे त्याचा कल आहे काय? मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात, ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या निमित्ताने, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हीच कसोटी उचलली. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात ती टाकून समकालीन समाजाचा मापदंड स्वीकारला गेला. दंडसंहितेचे कलम २९२ जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम २९४ आले. परंतु जुन्या कसोटीत वाचकाचे मन तोलले जाई, नव्या कसोटीत समाजाचे तोलले जाते, इतकाच फरक. स्त्री दोन्हींकडे फिर्यादी नाही आणि आरोपीही नाही. कोर्टाच्या भाषेत बोलावयाचे तर ती मुद्देमाल आहे.

चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेचे उदाहरण घेऊ. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती आली. उच्च न्यायालयाने लेखकास दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट १९६९ रोजी तो निर्णय फिरविला. कथा वाङ्मयीन दृष्ट्या उच्च दर्जाची नसली, अपरिपक्व व नीरस असली, तरी तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. हा निर्णय योग्यच होता. कामविषयाचा उल्लेख हाच गुन्हा मानला तर केवळ धार्मिक ग्रंथच विकता येतील, हे त्यातील मर्म आजही स्मरणात ठेवण्याजोगे आहे. तथापि न्यायालयाचे काम जेथे संपते तेथे समीक्षकाचे सुरू व्हावयास हवे होते. कवी असलेल्या निशिकांताच्या आयुष्यात नीला, वनिता व श्यामा येतात. या तिघींस स्वतःचे मन आहे काय? की नायकाच्या आठवणींची दालने यापलीकडे त्यांना अस्तित्वच नाही? हा प्रश्न कोर्टाच्या कक्षेतला नव्हे, वाङ्मयाच्या कक्षेतला आहे. पण खटला उभा राहिला की समीक्षकास वकिली करावी लागते. आणि आपल्या अशिलाचे दोष कोणता वकील काढील? सेन्सॉरशिपमुळे पुस्तके दडपली जातात हे सर्वांस दिसते. पुस्तकांवरील खरी टीकाही तिच्यामुळे दडपली जाते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘सखाराम बाइंडर’च्या वेळी हे अधिक ठळकपणे दिसले. तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ साली कमलाकर सारंगांनी रंगभूमीवर आणले. चंपाची भूमिका लालन सारंग यांची. परिनिरीक्षण मंडळाने हरकती घेतल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे नाटक सुटले. गदारोळ उठला तो शिव्यांवरून आणि रंगमंचावर साडी बदलण्यावरून. परंतु ज्या नाटकात नवऱ्यांनी टाकलेल्या बायका एकामागून एक घरी आणून ठेवल्या जातात आणि शेवटी चंपाचा गळा दाबला जातो, त्या नाटकात प्रेक्षकास अस्वस्थ करावयास साडी लागावी? मारहाण आणि खून आपणांस सभ्य वाटले, साडी तेवढी असभ्य वाटली. ही नाटकावरची नव्हे, आपल्या लज्जेवरची टीका आहे.

मग स्त्रीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी काय मागावे? याचे एक जुने मराठी उत्तर आहे. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा ‘मंजुघोषा’सारखी कादंबरी व ‘मनोरमा’ नाटक यांतील स्त्रीचित्रणाचा त्यांनी खरपूस समाचार घेतला. बंदी मागितली नाही. पुस्तकास पुस्तकाने जाब विचारला. शंभर वर्षांनी अमेरिकेत कॅथरिन मॅकिनन व अँड्रिया ड्वॉर्किन यांनी दुसरी वाट धरली. अश्लील चित्रण हा नीतीचा भंग नसून स्त्रीची हानी होय, म्हणून पीडित स्त्रीस स्वतः दावा लावता यावा, अशी त्यांची मांडणी. इंडियानापोलिसचा तसा कायदा १९८५ साली अपील न्यायालयाने रद्द केला. कॅनडात १९९२ च्या बटलर निर्णयाने हानीचे तत्त्व मान्य केले, पण ते हत्यार फौजदारी कायद्याच्या म्यानात ठेवले. पोलिसांनी ते लवकरच उपसले ते टोरांटोतील एका पुस्तकांच्या दुकानावर, आणि तेही समलिंगी स्त्रियांनी काढलेल्या नियतकालिकावरून. स्त्रीवादी लेखिकांतच या प्रश्नावर दोन तट पडले ते यामुळेच. मॅकिनन यांचा प्रश्न बरोबर होता: इजा कोणास झाली? परंतु त्याचे उत्तर देण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला की ते आपले जुनेच उत्तर देते.

आपल्याकडील अनुभव निराळा नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणावरील १९८६ च्या कायद्यात स्त्रीच्या अवमानाचा उल्लेख आला, हे पुढचे पाऊल होते. पण त्याच व्याख्येत ‘सार्वजनिक नीतिमत्ता’ही घुसली, आणि हिक्लिन मागील दाराने परत आला. २००५ साली महाराष्ट्र सरकारने स्त्रियांच्या प्रतिष्ठेच्या नावाने डान्स बार बंद केले. तारांकित हॉटेलांस मात्र सूट ठेवली. काही स्त्री-संघटना बंदीच्या बाजूने गेल्या, काही विरुद्ध. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने नर्तकींची पाहणी केली, म्हणजे त्यांनाच जाऊन विचारले, ही त्या वादातील सर्वांत शहाणी गोष्ट. उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी ती बंदी घटनाबाह्य ठरविली. मधल्या वर्षांत ज्यांची रोजीरोटी गेली त्यांची प्रतिष्ठा कोणी मोजली?

औरादसारख्या सीमेवरच्या गावातून हे सारे पाहताना एक विसंगती जाणवते. १९५६ पूर्वी उदगीर आणि औराद एकाच बीदर जिल्ह्यात होते. आता मध्ये राज्याची सीमा आहे. महाराष्ट्राच्या मंडळाचे नाट्य-प्रमाणपत्र त्या सीमेवर संपते. परंतु एखाद्या राज्याने पुस्तक जप्त केले की ते देशात कोठेही जप्त होऊ शकते. आणि खेड्यातील मुलीचे चोरून पसरविलेले छायाचित्र कोणतीच सीमा जाणत नाही. आज खरी इजा येथे आहे. अशी मुलगी तालुक्याच्या ठाण्यात आली की तिच्यापुढे कायद्याची दोन दारे असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ तिच्या चित्रास अश्लील म्हणते. म्हणजे तिच्या दुःखाला समाजाच्या लज्जेत बुडविते. न्याय संहितेचे कलम ७७ मात्र तिची संमती होती काय, हे विचारते. चित्र काढण्यास संमती असली तरी ते पसरविण्यास होती काय, हेही विचारते. पहिल्या दारातून ती मुद्देमाल म्हणून आत जाते, दुसऱ्यातून फिर्यादी म्हणून.

आमच्या मते सरकारची कात्री संमतीच्या प्रश्नापुरतीच चालावी. जेथे खऱ्या व्यक्तीस इजा झाली, जेथे बालक आहे, जेथे जबरदस्ती आहे, तेथे कायदा कठोर असावा. जेथे फक्त शब्द आणि कल्पना आहे तेथे त्याने हात मागे घ्यावा, आणि तेथील काम ताराबाईंच्या वारसांवर सोपवावे. वाईट पुस्तकाला वाईट म्हणण्याचे धैर्य वाचकांत असेल तर त्यास जप्त करण्याची गरज उरत नाही. आणि ते धैर्य नसेल तर जप्तीने ते येत नाही.