‘आढळले नाही’ : अन्नपरीक्षणाच्या भाषेविषयी

अन्नातील शिसे, कॅडमियम आदी धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणे हे रसायनशास्त्राचे कार्य होय. परंतु त्या मापनाचा निष्कर्ष वाक्यात उतरला की तो भाषाशास्त्राच्याही कक्षेत येतो. परीक्षण-अहवालांतील ‘शिसे : आढळले नाही’ हे वाक्य त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

परतवाड्याच्या बाजारातील हळदपूड उदाहरणादाखल घ्यावी. हळदीस गडद पिवळा रंग यावा म्हणून तीत शिशाचे क्रोमेट मिसळल्याची उदाहरणे ज्ञात आहेत. पूड नायट्रिक आम्लात तापवून तिचे द्रावण करतात. त्यातील शिशाचे अणू विशिष्ट प्रकाश किती शोषतात, यावरून प्रमाण ठरते. ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेली पद्धती ती हीच. तथापि शिसे नसलेले द्रावणही काही क्षीण संकेत देतेच. त्या संकेताच्या चढउताराच्या सुमारे तिपटीहून जे कमी, ते उपकरणास वेगळे ओळखता येत नाही. ज्वालेत ‘न आढळलेले’ शिसे ग्रॅफाइटच्या भट्टीत आढळू शकते.

‘आढळणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. वाक्यात शिसे कर्ता होते आणि पाहणारा अध्याहृत राहतो. त्याच्याबरोबर त्याच्या दृष्टीची मर्यादाही लोपते. परिणामी ‘दिसले नाही’ याचे वाचकाच्या मनात ‘नाही’ असे रूपांतर होते.

नुसत्या आकड्याचाही दोष हाच. २०१५ मध्ये मॅगीच्या एका नमुन्यात कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेने दर किलोस १७.२ मिलिग्रॅम शिसे नोंदविले, मर्यादा २.५ होती. त्यानंतर निघालेला बंदीहुकूम मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी रद्द केला. बाजू मांडण्याची संधी न मिळणे आणि प्रयोगशाळांची मान्यता, हे त्यातील प्रमुख मुद्दे होते. न्यायालयाने नेमलेल्या तीन प्रयोगशाळांत पुढे शिसे मर्यादेत भरले. नमुने निराळे होते, म्हणून एक आकडा दुसऱ्यास खोडीत नाही. परंतु आकडा कोणी व कसा काढला, यावाचून तो अपुरा ठरतो, हे मात्र उघड झाले.

सामान्य ग्राहकास संक्षिप्त उत्तर हवे असते, हा आक्षेप योग्यच आहे. पण ‘शिसे : दर किलोस ०.५ मिलिग्रॅमहून कमी. याखाली ही पद्धती पाहू शकत नाही’ हे वाक्य काही दीर्घ नव्हे. मुलांच्या रक्तातील शिशाची निर्धोक पातळी अद्याप ज्ञात नाही. अशा स्थितीत ‘कमी’ आणि ‘नाही’ यांतील भेद हा केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.