न ऐकलेली साक्ष

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील खटला लटका आहे. न्यायाची विटंबना मात्र खरी आहे. न्यायाधीश काशीकर आसन सोडून स्वतःच साक्षीस उभे राहतात. सुखात्मे फिर्यादीचेही वकील आणि आरोपीचेही. प्रा. दामले तर हजरच नाहीत. कोवळ्या वयात मामाकडून झालेला घात बेणारेबाई अखेरीस सांगतात, तेव्हा रंगमंचावरील मंडळी निश्चल असतात. ऐकतो तो केवळ प्रेक्षक.

काही रसिकांना यात न्यायसंस्थेचाच अधिक्षेप दिसतो. आम्हांस तसे वाटत नाही. पीडितेचे म्हणणे विश्वासाने ऐकणे हे समाजाचे काम, दोष ठरविणे न्यायालयाचे. काशीकरमंडळी पहिले टाळतात आणि दुसरे बळकावतात. न्यायालयही चुकते. मथुरा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले, त्यावर टीका झाली, आणि १९८३ साली कायदा सुधारला: कोठडीतील संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नाकारली, तर ती नव्हती असेच गृहीत धरावे, आरोपीस खंडनाची संधी असावी.

नाटकात एक न्यून जाणवते. ही मंडळी इतकी क्षुद्र रंगविली आहेत की प्रेक्षक स्वतःस सहज वेगळा काढतो. वस्तुतः देवळाच्या सभामंडपातही असे खटले चालतात, आणि तेथे बसलेले आपणच असतो.